सेंद्रिय शेती : फरक नेमका कुठे आहे?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सांस्कृतिक समितीने मला अर्धा तास दिला आणि विषयही तिनेच दिला. सेंद्रिय शेती आणि नेहमीची शेती यांत फरक काय, हे सांगा म्हणाले. विषयामागचं कारण मला ठाऊक आहे. रविवारी सकाळी आपल्या गेटसमोर भाजीचा टेम्पो लागतो, त्यावर हिरव्या अक्षरांत 'सेंद्रिय' असं लिहिलेलं असतं आणि निम्म्या बिल्डिंगने तरी मला लिफ्टमध्ये गाठून विचारलेलं आहे, "साहेब, खरंच असतं का हो ते?" कृषी खात्यात एकतीस वर्षं काढली म्हणून मला भाजी नुसती बघून कळत असेल, असा एक समज आहे. मला कळत नाही. कोणालाच कळत नाही. टोमॅटो हातात घेऊन तो कसा पिकवला ते छातीठोक सांगणारा कोणी भेटला, तर त्याच्याकडून टोमॅटो घेऊ नका.

आधी एका शब्दाचा घोळ निस्तरू. पुस्तकात सेंद्रिय शेतीच्या समोर 'पारंपरिक शेती' असा शब्द घालतात. आता पारंपरिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आजोबा येतात, बैलजोडी येते, उकिरडा येतो. पण ज्या शेतीबद्दल बोलायचंय ती आजोबांची नव्हे. ती साधारण १९६५ नंतर आपल्याकडे रुजलेली, संकरित बी, रासायनिक खत आणि फवारणीची शेती. म्हणून मी सरळ 'रासायनिक शेती' म्हणतो. त्यात शिवी नाही. उलट, इथे सत्तरीच्या पुढचे जे बसलेत त्यांना १९७२चा दुष्काळ आठवत असेल. दुष्काळी कामावरची सुकडी, रेशनवरचा तो लाल मिलो. त्या काळातून जो देश गेला त्याने युरियाची गोणी आनंदाने उचलली, यात नवल काय? सेंद्रियचं कौतुक करताना काही जण हे विसरतात. भरल्या पोटी विसरणं सोपं असतं.

आता फरक. एक गोणी युरिया घ्या. गोणी ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे सुमारे २० किलो नत्र. अनुदानामुळे ती तीनशे रुपयांच्या आत मिळते आणि मोटारसायकलवर टाकून शेतात नेता येते. तेवढंच नत्र शेणखतातून द्यायचं झालं, तर शेणखतात नत्र असतं अर्धा टक्का. म्हणजे चार टन शेणखत लागलं. ते आणायला ट्रॅक्टर पाहिजे, पसरायला माणसं पाहिजेत, आणि मुळात तेवढं शेण द्यायला गोठा पाहिजे. ट्रॅक्टर आला तसे बैल गेले, बैल गेले तसं शेण गेलं. शिवाय शेणखतातलं सगळं नत्र त्याच हंगामात पिकाला मिळत नाही. काही यंदा, काही पुढच्या वर्षी, काही त्याच्याही पुढे.

इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगतो, सेंद्रियवाल्या मित्रांना ती आवडत नाही. पिकाचं मूळ नत्र घेतं ते मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियमच्या रूपात. ते युरियातून आलं की शेणातून, हे मुळाला कळत नाही. नायट्रेट कळतं, नायट्रेटचं गोत्र कळत नाही. म्हणून सेंद्रिय भाजीत जीवनसत्त्वं दुप्पट असतात वगैरे जे सांगितलं जातं त्याला भक्कम पुरावा नाही. चवीतला फरक बराचसा वाणाचा आणि ताजेपणाचा असतो. सकाळी तोडून दुपारी खाल्लेली काकडी कोणत्याही शेतातली असो, गोडच लागते.

मग फरक कुठे? तर तो जमिनीत आहे. रासायनिक शेती पिकाला जेवू घालते. सेंद्रिय शेती जमिनीला जेवू घालते आणि जमीन पिकाला. शेणखत, पालापाचोळा, तागासारखं हिरवळीचं पीक गाडलं की मातीतले जिवाणू, बुरशी, गांडुळं ते खातात. खाता खाता मातीचे कण एकमेकांना चिकटवतात. अशी माती पाणी धरून ठेवते, तिच्यात हवा खेळते. तिच्या पोटात किती जीव आहे ते मोजायचं एक माप आहे : सेंद्रिय कर्ब. आम्ही शेतकऱ्यांना सांगायचो की तो एक टक्क्याच्या जवळपास असावा. माती परीक्षणाच्या अहवालात तो अर्ध्या टक्क्याच्या खाली दिसणं आता नेहमीचं झालंय. नुसता युरिया टाकत राहिलं आणि काडीकचरा जाळत राहिलं की तो उतरतो. उतरला की तीच गोणी कमी लागू पडते, मग शेतकरी दीड गोणी टाकतो. टाकलेल्या युरियातलं बऱ्याचदा निम्मं नत्रसुद्धा पिकाच्या वाट्याला येत नाही. उरलेलं हवेत उडतं, नाहीतर झिरपून विहिरीत उतरतं.

सेंद्रिय शेतकरी नत्र आणतो कुठून? एक तर खतातून, आणि दुसरं फुकटचं, द्विदल पिकांतून. वाटाणा, हरभरा, तूर, मूग यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यात रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतलं नत्र पकडून पिकाला देतात. म्हणून सेंद्रिय शेतात पिकांची फेरपालट ही हौस नसते, तो त्या शेताचा जमाखर्च असतो. टोमॅटोवर टोमॅटो, त्यावर पुन्हा टोमॅटो, हे तिथे चालत नाही.

जीवामृताबद्दल बरेच जण विचारतात. सुभाष पाळेकरांनी ते घरोघर पोचवलं, २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका एकराला २०० लिटर पाणी, १० किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. हिशेब केला तर यात पिकाला पुरेल एवढं नत्र निघत नाही. त्यावरून शास्त्रज्ञांचे आणि अनुयायांचे वाद आहेत. मला विचाराल तर जीवामृत हे विरजण आहे, दूध नव्हे. विरजण चांगलंच पाहिजे. पण पातेल्यात दूधच नसेल, म्हणजे जमिनीत काडीकचरा, खत काहीच नसेल, तर दही कशाचं लागणार?

किडीचंही तेच आहे. सेंद्रिय म्हणजे फवारणी नाही, हा गैरसमज आधी काढून टाका. निंबोळी अर्क फवारतात, दशपर्णी अर्क फवारतात, गंधक चालतं, मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रणसुद्धा मर्यादेत चालतं. फरक आहे तो फवारणी कितव्या क्रमांकाला येते त्यात. रासायनिक शेतीत बहुतेकदा ती पहिली. सेंद्रियमध्ये ती शेवटी. त्याआधी टोमॅटोच्या कडेने झेंडू लावायचा, म्हणजे फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला झेंडूच्या फुलांकडे जातो. कामगंध सापळे लावायचे. पिवळे चिकट सापळे लावायचे. आणि मावा दिसला म्हणून लगेच पंप पाठीला लावायचा नाही, कारण माव्यामागून ढालकिडे येतात, ते मावा खातात. चार-आठ दिवस थांबायचं. आता हे 'थांबायचं' मी इथे पंख्याखाली उभा राहून सांगतोय. ज्याचं पीक डोळ्यांदेखत खाल्लं जातंय, त्याला ते आठ दिवस काय असतात हे मी बांधावर उभं राहून पाहिलंय.

तणनाशक नसल्याने खुरपणी आली. खुरपणी म्हणजे बायका. ओल्या जमिनीत उकिडवं बसून, हातात खुरपं, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. आपण सेंद्रिय मेथीची जुडी दहा रुपयांनी महाग म्हणून कुरकुरतो, तर त्या दहा रुपयांतले बरेचसे त्या खुरप्याचे असतात.

आता भीतीचा मुद्दा. विष. बाजारातली सगळी भाजी विषारी, असं मी म्हणणार नाही. प्रत्येक औषधाला फवारणी आणि तोडणी यांमध्ये किती दिवस जायला हवेत ते ठरलेलं असतं. तेवढे दिवस पाळले तर उरणारा अंश मर्यादेत राहतो. पाळले जातात का, तर भाव चढला की सगळीकडे पाळले जात नाहीत. युरोपला जाणारी आपली द्राक्षं प्रयोगशाळेतून तपासून जातात. मंडईत येणारी गवार तशी कोणी तपासत नाही. मिठाच्या पाण्यात धुतलं की झालं, असंही नाही. वरवरचं काही निघतं, पण आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातून आत गेलेलं असतं, ते धुतल्याने निघत नाही. आणि फ्लॉवरमध्ये अळी निघाली म्हणजे तो सेंद्रिय, ही समजूतही सोडा. फवारलेल्या फ्लॉवरमध्येही अळी निघते. औषधाला दाद न देणारी असते ती.

पण खरा धोका आपल्या ताटापेक्षा आधी कोणाला असतो? २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यांतले कितीतरी मजुरीने फवारणारे होते. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, तोंडाला फार तर फडकं. आपण सेंद्रिय भाजी आपल्या मुलांसाठी घेतो, ते ठीकच आहे. मी ती घेतो ती आधी त्या पंपवाल्यासाठी.

आता उत्पन्नाचं बोलू. जगभरच्या तुलना एकत्र करून पाहिल्या तर सेंद्रिय शेतीचं उत्पादन सरासरीने वीस-पंचवीस टक्क्यांनी कमी भरतं. डाळींसारख्या पिकांत फरक थोडा, भाजीपाल्यात आणि धान्यात जास्त. त्यातही सगळ्यात अवघड असतात ती बदलाची वर्षं. रासायनिक खताची सवय लागलेल्या जमिनीला एकदम ते बंद केलं की ती लगेच उभी राहत नाही. श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खतांची आयात अख्ख्या देशात एकदम बंद केली. भाताचं उत्पादन कोसळलं, चहाला फटका बसला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली. सिक्कीमने तोच निर्णय २००३मध्ये घेतला आणि राज्य पूर्ण सेंद्रिय झाल्याचं जाहीर केलं २०१६च्या जानेवारीत. तेरा वर्षं लागली. लहानसं डोंगरी राज्य, मुळातच खत कमी वापरणारं, तरी तेरा वर्षं.

नियमातही हा काळ धरलेला आहे. आपल्या सोसायटीची नोंदणी २००१ची. योगायोग असा की केंद्र सरकारचा सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रमही २००१चाच. त्यानुसार हंगामी पिकांना दोन वर्षं आणि फळबागेसारख्या बहुवर्षायु पिकांना तीन वर्षं बदलाची. तोवर 'सेंद्रिय' असा शिक्का मिळत नाही. प्रमाणपत्राचे दोन रस्ते आहेत. एकात बाहेरची संस्था येऊन तपासणी करते, ते खर्चिक पडतं. दुसरा पीजीएसचा, त्यात आसपासचे शेतकरीच गट करून एकमेकांची शेतं तपासतात. पाकिटावर 'जैविक भारत'चं चिन्ह दिसलं तर यांपैकी एका रस्त्याने माल आला असं समजायचं. आणि लहान शेतकरी थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्रातून सूट आहे. म्हणजे टेम्पोवर कागद नाही एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. खरा आहे हेही त्यावरून ठरत नाही.

मग विचारायचं काय? "सेंद्रिय आहे का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी 'हो'च येतं. शेत कोणत्या गावात आहे ते विचारा. या वाफ्यात मागच्या हंगामात काय होतं ते विचारा. खत कुठून आणता, जनावरं किती आहेत ते विचारा. एखाद्या रविवारी येऊ का बघायला, हेही विचारा. खरा शेतकरी या प्रश्नांना कंटाळत नाही, उलट त्याला थांबवावं लागतं. आणि ज्याच्याकडे बाराही महिने सगळ्याच भाज्या असतात, तो शेतकरी नसून व्यापारी आहे. व्यापारी असणं हा गुन्हा नाही, फक्त त्याचा शब्द त्याच्यापुरता समजावा.

आता घरचं सांगतो. माझा पुतण्या पुरंदर तालुक्यात आमच्या वडिलोपार्जित तीन एकरांत वाटाणा, टोमॅटो, कांदा, मेथी करतो. त्याच्या बदलाचं हे दुसरं वर्ष. वाटाण्याने फार दगा दिला नाही, द्विदलच तो. टोमॅटो मात्र पहिल्या वर्षी निम्म्यावर आला. प्रमाणपत्र नसल्याने माल जातो बाजार समितीत, सगळ्यांच्याच ढिगात. आडत्याला क्रेट दिसतो, त्यामागची खुरपणी दिसत नाही. म्हणजे खर्च सेंद्रियचा आणि भाव साधा. घरात माझ्या थोरल्या भावाने बोलणं टाकलंय. सोसायटीचं पीककर्ज डोक्यावर आहे. (गावातली सोसायटी म्हणजे विविध कार्यकारी, आपली नव्हे!) मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, "काका, यंदा एक-दोन गोणी टाकू का? कोणाला कळतंय?" खरंच कोणाला कळणार नाही. टाकली तर त्याची दोन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतील, एवढंच. त्याला 'थांब' म्हणायला माझी जीभ रेटेना. दरमहा पेन्शन घेणाऱ्याने थांब म्हणायला काय जातं?

म्हणून कार्यकारिणीपुढे मी एक मुद्दा लेखी दिलाय, तो सगळ्यांच्या कानावर घालतो. पंचवीस-तीस कुटुंबांनी मिळून बदलाच्या वर्षांत असलेला एक शेतकरी धरायचा. हंगामाचे पैसे आगाऊ द्यायचे, भाव बसून आधी ठरवायचा, आणि त्या आठवड्यात शेतात जे निघेल ते घ्यायचं. कधी चार गड्डे कोबी, कधी नुसती मेथी आणि मुळा. पिशवीवर 'सेंद्रिय' लिहायचं नाही, कारण ते अजून खरं नाही. तो माझा पुतण्याच असावा असं अजिबात नाही. मी त्याचा चुलता, तेव्हा या निवडीत मी नसणंच बरं. मावळात, मुळशीत, पुरंदरात असे बरेच जण आहेत. समितीने दोन-तीन शेतं स्वतः जाऊन बघावीत आणि ठरवावं. सहा महिन्यांत भेंडी एकदाच आली म्हणून भांडणारे असतील त्यांनी यात न पडलेलं चांगलं, हेही आत्ताच सांगतो.

दुसरा अर्धा भाग आपल्या मागच्या भिंतीपाशी आहे. ओल्या कचऱ्याचा खड्डा. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ आणि त्याचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ठरावीक दिवसांनी वरखाली करून साधारण तीन महिन्यांत खत करायची रीत बसवली. दोघांचं पुस्तक १९३१ला आलं. आज जगभर ती इंदूर पद्धत म्हणून शिकवतात. आपल्या खड्ड्यात होतं ते तेच, फक्त शेणाच्या जागी भाजीची देठं आणि शिळी पोळी. वास येतो अशी तक्रार सी विंगकडून नेहमी येते. वास येतो कारण आपण ओलं टाकतो आणि कोरडं टाकत नाही. आवारातला पाला झाडून रोज गेटपाशी पोत्यांत भरून ठेवतात, तोच खड्ड्यात एका थराआड एक टाकला तर वास थांबेल. दुधाच्या पिशव्यांचे कोपरे, पेनांची रिफिलं, औषधांची पाकिटं त्यात गेली तर मात्र ते खत शेतात टाकायच्या लायकीचं राहत नाही. भाजी घेऊन येणारी गाडी परत जाताना रिकामी जायचं कारण नाही, पण तिच्यात भरण्याजोगं खत आधी तयार व्हायला हवं.

अर्धा तास झाला, सचिव घड्याळाकडे बघताहेत. समोरून एक चिठ्ठी आली आहे, तेवढी घेतो. "बाल्कनीतला कढीपत्ता वाढत नाही, युरिया घालू का? नाव लिहीत नाही." अक्षरावरून ओळखलंय, पण असो. घातला तर पानं येतील, भराभर येतील. पण चिमूटभराच्या जागी चमचाभर पडला की मुळं करपतात, कुंडीत माती असते केवढीशी. त्यापेक्षा आंबट ताक पाण्यात पातळ करून पंधरा दिवसांनी एकदा घाला, आपल्या आया तेच घालायच्या. वरची दोन बोटं माती हलवून खालच्या खड्ड्यातलं तयार खत दोन ओंजळी मिसळा. चाळलेलं खत वॉचमनच्या खोलीमागे पोत्यात ठेवलंय. आणि कुंडी उन्हात सरकवा, तुमच्या बाल्कनीत सकाळचं ऊन फक्त डाव्या कोपऱ्यात येतं.